जुन्या गाड्या, जुने कॉम्प्युटर यांचं मगवर प्रिंटिंग: या चुका टाळा

शहापुरात घरीच चहा-कॉफीच्या मगवर चित्रं प्रिंट करालोय. जास्त ऑर्डरी जुन्या गाड्या आणि जुन्या कॉम्प्युटरच्या, आणि जास्त माल वाया गेला तो पण यातच, कारण ही गिऱ्हाईकं बारीक चूक पण सोडत नाहीत.

सगळ्यात महाग पडते ती मिररची चूक. सब्लिमेशनला, म्हणजे कागदावर छापलेलं चित्र तापवून मगवर उतरवायच्या पद्धतीत, कागदावर चित्र उलटं छापायचं, म्हणजे मगवर सुलटं उतरतं, एवढं सगळ्यांना माहीत असतंय. घोळ असा की डिझाईन एकदा फ्लिप करून ठेवलेलं असतंय आणि प्रिंटरमध्ये पण मिरर ऑन, त्यामुळे कागदावर सुलटं आणि मगवर उलटं. नाव असलं की लगेच कळतंय, पण समोरून फियाट दोन्हीकडून सारखीच दिसते की! नंबरप्लेट मीच पुसलेली, सहा मग पॅक पण झाले, आणि निपाणीच्या एका काकांनी फोटो बघून विचारलं, "काय रे, ही लेफ्ट हँड ड्राईव्ह कधी झाली?" तेव्हा ट्यूब पेटली. झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या कॉम्प्युटरला चेक करणं सोपं, १९८२ च्या त्या रबरी बटणांच्या मशीनवर रंगीत पट्टे उजव्या कोपऱ्यात असतात, म्हणजे कागदावर ते डावीकडे दिसले पाहिजेत. दिसले तरच प्रेस, म्हणजे मगवर कागद दाबून तापवायचं मशीन, लावा.

पांढरी अँबेसिडर पांढऱ्या मगवर छापू नका. या शाईत पांढरा रंगच नसतो, मगचा पांढरा तोच गाडीचा पांढरा, त्यामुळे बॉडी गायब आणि नुसते टायर, दिवे, जाळी हवेत तरंगतात. मागे फिकट निळं नाहीतर राखाडी टाका. जाड काळी आउटलाईन मारणारे पण आहेत, मला ती लहान पोरांच्या चित्रकलेच्या वहीसारखी वाटते.

स्पेक्ट्रम काळा, त्यामुळे उष्णतेची चूक त्याच्यावर आधी दिसते. १८० ते २०० डिग्री आणि तीनेक मिनिटं, जास्त झालं की काळा तपकिरी पडतो, कमी झालं की मळकट. कागदावर रंग फिका दिसतो म्हणून आधीच भडक करू नका, तो गरम झाल्यावर उघडतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि डाग पडतात, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि कोटिंगवालाच मग घ्या, घरातल्या चहाच्या साध्या कपावर रंग धरत नाही.

मराठी अक्षरं लिहिली की "पद्मिनी"मधला द्म फुटतो का बघा, सॉफ्टवेअर बदललं की हमखास फुटतो.

साल पण तपासा. "पद्मिनी १९६५" असं लिहून मागतात, पण पद्मिनी हे नाव १९७४ चं, त्याआधी ती फियाट ११०० डिलाईट. एकाने तर कमोडोर ६४ या कॉम्प्युटरसाठी "कमोडोर १९६४" पाठवलं होतं. अहो, ६४ म्हणजे ६४ केबी मेमरी, मशीन आलं १९८२ ला. मी प्रेस बंद केली आणि आधी त्याला फोन लावला.