'द लेफ्टनंट ऑफ इनिशमोर' बसवताना या चुका टाळा

या नाटकाची सर्वात जास्त हानी होते ती नट विनोद करायला लागल्यामुळे. मार्टिन मॅकडोनाचं हे नाटक 1993 सालच्या आयर्लंडमधल्या इनिशमोर बेटावर घडतं. नायक पॅड्रिक इतका माथेफिरू, की उत्तर आयर्लंडमधून ब्रिटिश सत्ता हटवण्यासाठी लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र गटानेही त्याला घेतलं नाही, म्हणून तो आयएनएलए या तशाच दुसऱ्या गटात. दुसऱ्या प्रवेशात तो गांजा विकणाऱ्या एकाला उलटा टांगून त्याचे हाल करत असतो, तेवढ्यात वडिलांचा फोन येतो: मांजर आजारी आहे. हा रडायलाच लागतो. इथे नटाने हशाची वाट बघत रडून दाखवलं, की प्रवेश कोसळलाच. तालमीत काही दिवस 'मांजर'च्या जागी 'बहीण' म्हणून हे संवाद बोलून घ्या. रडणं खरं झालं की मांजर परत आणा. प्रेक्षक हसतील, आणि हसताना अस्वस्थही होतील. तेच तर हवं आहे.

दुसरी चूक राजकारण गाळण्याची. 'आपल्या प्रेक्षकाला काय कळणार' म्हणून आयएनएलएची भांडणं कापली जातात आणि उरतो नुसता रक्तपात. उत्तर आयर्लंडच्या त्या संघर्षात सुमारे 3,500 माणसं मेली. मार्च 1993 मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन गावात आयआरएने केलेल्या बाँबस्फोटात दोन लहान मुलं गेली, आणि अशा हिंसेच्या संतापातून हे नाटक आलं. नटांना हे सगळं ठाऊक हवं. प्रेक्षकांसाठी मात्र सूत्रधार घालू नका, माहितीपत्रकातला एक परिच्छेद पुरतो. कथानक काश्मीरला किंवा गडचिरोलीला नेण्याचा मोहही आवरा. तिथल्या जखमा वेगळ्या आहेत, त्या उसन्या घेऊ नयेत. पात्रांना मालवणी हेल दिला तर हशा नक्की मिळेल, पण तो हेलाला मिळेल.

टांगलेल्या नटाबाबत हयगय नको. भार घोट्यांवर न येता कमरेच्या हार्नेसवर यावा, एका झटक्यात खाली घेता येईल अशी सोय असावी आणि विंगेत एक माणूस फक्त त्याच्यासाठी उभा असावा. चक्कर किंवा डोकं जड झाल्याची खूण आधी ठरवा. ती दिसली की प्रयोग थांबवायचा.

रक्ताचं गणित बहुतेक वेळा रंगीत तालमीलाच चुकतं. साखरेच्या पाकाचं रक्त चिकटतं, त्यावर बूट घसरतात, मुंग्या येतात. तोंडात जाणारं तेवढंच खाण्याचं ठेवा, कपड्यांवरचं धुऊन निघेल असं करा आणि आधी कापडाच्या तुकड्यावर तपासा. शेवटच्या प्रवेशात प्रेतांचे तुकडे होत असतात, तेव्हा जमीन ओली असणारच, म्हणून फळ्यांना खरखरीत रंग द्या. ओल्या जमिनीवरच्या हालचाली ओल्या जमिनीवरच बसवा.

नाटकाचे हक्क आणि भाषांतराची परवानगी तालमीआधी घ्या. महाराष्ट्रात प्रयोग करायचा तर नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागेल.

राहिली खरी मांजर. ती शेवटी येते, म्हणजे सगळ्या गोळीबारानंतर. तिला आवाज पोहोचणार नाही अशा खोलीत ठेवा आणि प्राण्यांच्या वापराचे नियम आधी तपासा. तिला खाऊ घालणाऱ्या नटाशी तिची ओळख काही आठवडे आधीपासून हवी. रक्त लागलेल्या हातांचा वास तिला नवा असतो, म्हणून तोही तालमीतच ओळखीचा करून द्या.