चिंचोक्यातील महाकाय रेणू वेगळे करून कसे मोजावेत

सुताला आणि घोंगडीला चिंचोक्याची खळ देण्याची रीत सोलापूर जिल्ह्यात नवी नाही. या खळीला चिकटपणा देणारा मुख्य घटक म्हणजे झायलोग्लुकन नावाची बहुशर्करा (अनेक शर्करा-रेणू जोडून झालेली लांब साखळी). सेल्युलोजमध्ये असते तशीच ग्लुकोजची लांब साखळी आणि तिला झायलोज व गॅलॅक्टोजच्या फांद्या अशी तिची रचना असते. ग्लुकोजच्या एका रेणूचे वस्तुमान 180 डाल्टन (रेणूंचे वस्तुमान मोजण्याचे एकक) असते, तर चिंचोक्यातील या रेणूचे बहुधा 5 ते 9 लाखांच्या दरम्यान भरते. इतका मोठा रेणू मोजताना उपकरणापेक्षा द्रावण तयार करण्याची रीतच अधिक अडचणीची ठरते, म्हणून या लेखातही तिलाच जास्त जागा दिली आहे.

प्रथम चिंचोके भाजून त्यांची तपकिरी टरफले काढावीत आणि गराची बारीक पूड करावी. टरफलातील टॅनिन राहिल्यास द्रावण तांबूस होते. 20 ग्रॅम पूड 200 मिलिलिटर थंड पाण्यात कालवून ती 800 मिलिलिटर उकळत्या ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळत ओतावी, कारण पूड थेट गरम पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात आणि त्या नंतर फुटत नाहीत. वीस मिनिटे उकळून मिश्रण रात्रभर निवू द्यावे. दुसऱ्या दिवशी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ खाली बसवावा, वरचे द्रावण अलगद काढून घ्यावे आणि त्यात दुप्पट इथेनॉल मिसळावे. बहुशर्करा तंतुमय साक्याच्या रूपाने बाहेर पडते, तर सुटी साखर आणि बरेचसे क्षार द्रवातच राहतात. साका इथेनॉलने धुऊन सुमारे 50 अंश सेल्सिअसला वाळवावा. आगीची भीती असल्याने हे काम ज्योतीपासून दूर करावे.

येथे आयोडीनच्या चाचणीवर विसंबू नये. झायलोग्लुकनही आयोडीनने निळसर-हिरवा रंग देते, त्यामुळे ज्वारी दळलेल्या गिरणीतून पूड आणली असेल आणि तिच्यात स्टार्च मिसळले असेल, तर ते केवळ रंगावरून ओळखता येणार नाही. शंका असल्यास अमायलेज विकराची प्रक्रिया करून स्टार्च तोडावे आणि पुन्हा इथेनॉलने साका पाडावा.

मोजणीसाठी एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम इतके विरळ द्रावण पुरते. वाळलेल्या साक्याची पूड आधी इथेनॉलच्या काही थेंबांनी ओली करावी, मग पाणी घालून कित्येक तास सावकाश ढवळावे. मिक्सर किंवा अल्ट्रासाउंडचा मोह टाळावा, कारण त्यांच्या ताणाने लांब साखळ्या मधोमध तुटतात आणि आपण तुटलेले तुकडेच मोजत बसतो. 0.45 मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळण्यापूर्वी आणि गाळल्यानंतर फिनॉल-सल्फ्युरिक आम्ल पद्धतीने 490 नॅनोमीटरला शर्करेचे प्रमाण पाहावे. गाळल्यावर ते लक्षणीय घटले, तर सर्वांत मोठे रेणू किंवा त्यांचे पुंजके गाळणीतच अडकले, असे समजावे. माझ्या मते या तपासणीशिवाय दिलेला रेणुवस्तुमानाचा आकडा स्वीकारूच नये.

साधी प्रयोगशाळा असेल तर काचेच्या केशिका-श्यानतामापकाने (बारीक नळीतून द्रव वाहण्याच्या वेळावरून प्रवाहाला होणारा विरोध, म्हणजे श्यानता, मोजणाऱ्या उपकरणाने) आरंभ करावा. पाण्याला आणि द्रावणाला वाहून जाण्यास लागणारा वेळ चार-पाच वेगवेगळ्या संहतींना (द्रावणातील पदार्थाच्या प्रमाणांना) मोजावा, द्रावणाचा वेळ पाण्याच्या 1.2 ते 2 पट राहील इतकेच ते दाट ठेवावे आणि आलेख शून्य संहतीपर्यंत नेऊन आंतरिक श्यानता (विरळ द्रावणात रेणू किती जागा व्यापतो याचे माप; साखळी जितकी लांब तितके ते जास्त) काढावी. 25 अंशांच्या आसपास एका अंशाच्या फरकाने पाण्याची श्यानता सुमारे दोन टक्क्यांनी बदलते. त्यामुळे पारा चाळिशीपार जाणाऱ्या सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत केवळ तापक असलेले जलपात्र चालत नाही, थंड करण्याची सोयही लागते.

रेणू आकारानुसार वेगळे करायचे असतील तर सच्छिद्र मण्यांच्या स्तंभातून द्रावण सोडावे. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत बैलगाडी बोळात शिरू शकत नाही म्हणून हमरस्त्यानेच पुढे निघते, पायी माणसे मात्र बोळाबोळांत रेंगाळतात. त्याप्रमाणे मोठे रेणू छिद्रांत न शिरता आधी बाहेर पडतात. मात्र स्तंभाच्या वरच्या मर्यादेपेक्षा मोठे असलेले सगळे रेणू एकाच वेळी बाहेर येतात आणि त्यांच्यातला फरक पुसला जातो. म्हणून आरंभीच येणारे टोकदार शिखर शंकास्पद मानावे, मोठ्या छिद्रांचा स्तंभ निवडावा आणि साखळ्या तुटू नयेत म्हणून प्रवाह मंद ठेवावा.

पुलुलान या दुसऱ्या बहुशर्करेच्या, वस्तुमान माहीत असलेल्या प्रमाण नमुन्यांशी तुलना करून काढलेले वस्तुमान येथे खऱ्यापेक्षा जास्त येते, कारण झायलोग्लुकनची साखळी अधिक ताठ असून तेवढ्याच वस्तुमानात जास्त जागा व्यापते. स्तंभापुढे बहुकोनी प्रकाश-विकिरण शोधक (रेणूंनी वेगवेगळ्या कोनांत विखुरलेला प्रकाश मोजणारा) आणि अपवर्तनांक शोधक (द्रावणाची संहती मोजणारा) जोडले तर अशा तुलनेची गरज उरत नाही. ज्वारीच्या स्टार्चमधील अमायलोपेक्टिन याहूनही कितीतरी मोठे असते. त्याच्यासाठी स्तंभाऐवजी मण्यांविना चालणारे प्रवाह-क्षेत्र विभाजन (अरुंद मार्गात आडव्या प्रवाहाने रेणू आकारानुसार वेगळे करण्याची पद्धत) वापरणे योग्य.

अहवालात रेणुवस्तुमानासोबत द्रावक, तापमान, गाळणीचे छिद्र आणि गाळल्यानंतर उरलेल्या शर्करेची टक्केवारीही लिहावी. उरलेले द्रावण 4 अंशांना ठेवावे आणि शक्य तितक्या लवकर वापरावे, कारण सूक्ष्मजीव साखळ्या तोडू लागले की श्यानता उतरते, आणि द्रावण डोळ्यांना स्वच्छ दिसत असतानाही हे घडू शकते.