दोन गटांची तुलना: नॉर्मलिटीच्या धास्तीत व्हेरियन्स विसरू नका

नवी मुंबईत मेडिकल, डेंटल, फिजिओ करणाऱ्या पीजीवाल्यांसाठी हे लिहितेय. टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीत खरा फरक आहे का, हे तपासणारी) माहीत आहे असं धरून चालते. थीसिसच्या दिवसांत जो तो एकच विचारतो, "शापिरो काय आला?" घोळ मात्र भलतीकडेच होतो.

नॉर्मलिटीचं, म्हणजे डेटा घंटेच्या आकाराचा आहे का याचं, आधी उरकते. ती तपासणारी शापिरो-विल्क टेस्ट प्रत्येक गटावर वेगळी लावायची, अख्ख्या कॉलमवर नाही. हाताच्या पकडीची ताकद मोजली आणि पुरुष-बायका एकत्र टाकल्या, तर दोन उंचवटे येऊ शकतात. त्यात डेटाचा काय दोष? दहा-बारा पेशंट असले तर ही टेस्ट फारसं काही पकडत नाही, हजारभर असले तर बारीकशा वाकडेपणावरही बोंब मारते. त्यापेक्षा क्यू-क्यू प्लॉट (डेटा नॉर्मल असेल तर ठिपके सरळ रेषेत येतात तो आलेख) डोळ्यांनी बघा. टोकं जरा वळली म्हणून मॅन-व्हिटनीकडे (आकड्यांना क्रम लावून तुलना करणाऱ्या टेस्टकडे) पळू नका. गटांचा पसारा वेगळा असेल तर ती मीडियनची तुलना उरत नाही.

आता व्हेरियन्स, म्हणजे गटातल्या आकड्यांचा पसारा. मी अडकले ती इथे, म्हणून जरा पाल्हाळ लावते. एसपीएसएस या सॉफ्टवेअरमधल्या टी-टेस्टच्या तक्त्यात दोन ओळी येतात: वरची व्हेरियन्स समान धरून, खालची न धरता. डावीकडे लेव्हीनचा (व्हेरियन्स समान आहेत का, हे बघणाऱ्या टेस्टचा) सिग, म्हणजे पी-व्हॅल्यू, पुढे टी-टेस्टचा सिग. घाईत डावीकडचाच आकडा उचलला जातो. तो पसाऱ्याबद्दल बोलतो, सरासरीबद्दल नाही!

समजा, एका गटात 12 जण, एसडी (व्हेरियन्सचं वर्गमूळ) 9. दुसऱ्यात 40, एसडी 3. सरासरीत फरक 4. वरची ओळ दोन्ही व्हेरियन्स एकत्र कालवते, त्यात 40 जणांचं पारडं जड. स्टँडर्ड एरर (त्या फरकाच्या अनिश्चिततेचं माप) 1.64, टी 2.44, पी 0.02 च्या आत. पेढे वाटायचे का? खालच्या ओळीत स्टँडर्ड एरर 2.64, टी 1.51, पी 0.15 च्या वर. डेटा तोच. लहान गटाचा पसारा मोठा असला की वरची ओळ नसलेला फरकही सहज दाखवते. मोठ्या गटाचा मोठा असला की असलेला झाकते. गट सारख्या संख्येचे असतील तर एवढं बिघडत नाही, पण ओपीडीत असे गट कुणाच्या नशिबी?

म्हणून लेव्हीनच्या निकालाची वाट न बघता खालचीच ओळ घ्या. लहान गटांत लेव्हीनलाही फरक दिसेलच असं नाही. ही ओळ म्हणजे वेल्चची टेस्ट, 1947 सालची, नवं खूळ नव्हे. आर या सॉफ्टवेअरमध्ये टी-टेस्ट मुळातच वेल्च असते. पायथनच्या सायपायमध्ये मात्र समान व्हेरियन्सचं गृहीतक स्वतः बंद करावं लागतं.

पैसे देऊन ॲनालिसिस करून घेणारे ठाण्यापासून पनवेलपर्यंत पुष्कळ आहेत. घ्या, माझी ना नाही. पण एक्स्टर्नल परीक्षकासमोर तो माणूस बसणार नाही, तुम्हीच बसणार.

घाबरू मात्र नका, खरंच एवढंच आहे. सिनॉप्सिसमध्येच (थीसिसच्या सुरुवातीच्या आराखड्यात) 'वेल्च टी-टेस्ट' लिहून टाका. गाइडनी भुवया उंचावल्या तर वाद घालत बसू नका, दोन्ही ओळींची प्रिंट पुढे ठेवा. आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम (तक्त्यातला df) वरच्या उदाहरणातल्या खालच्या ओळीसारखी 11.74 अशी अपूर्णांकात आली, तर चूक समजून परस्पर 12 करू नका. वेल्चमध्ये ती तशीच येते.