रेतमात्रेत जंतू शिरतात कुठून? गोठित रेत प्रयोगशाळेत नव्याने लागणाऱ्यांसाठी

नव्या माणसाचं सगळं लक्ष सूक्ष्मदर्शकाकडे असतं. स्वच्छतेचं काम मात्र वळूच्या गोठ्यातच सुरू होतं, आणि तिथली चूक लॅबमध्ये भरून निघत नाही. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये शुक्राणूंबरोबर जंतूही सुखरूप राहतात. आपल्याकडच्या प्रमाणित कार्यपद्धतीत मर्यादा आहे मिलिलिटरला ५,००० सीएफयू (प्लेटवर वसाहत करणारे जिवंत जंतू).

शीथच्या (शिश्नावरच्या कातडीच्या पिशवीच्या) तोंडावरचे केस साधारण २ सेंटिमीटर ठेवून कापायचे. लांब राहिले की शेण-मूत्र धरून बसतात. मुळापासून भादरले तर कातडी चुरचुरते आणि वळू त्रास देतो. शीथ निर्जंतुक नॉर्मल सलाइनने धुतल्यावर नीट कोरडी करा, नाहीतर तेच पाणी ओघळून कृत्रिम योनीत (रेत गोळा करायच्या नळीत) येतं. रेत घेताना हात शीथवर ठेवायचा, शिश्नाला लावायचा नाही. शिश्न टीझरच्या (वळू ज्यावर चढतो त्या जनावराच्या) पुठ्ठ्याला घासलं तर ते रेत गेलंच समजा. म्हणून पुठ्ठा दर वळूनंतर पुसायचा, आणि प्रत्येक वेळी कृत्रिम योनी दुसरी, स्वच्छ घ्यायची.

खरा छुपा चोर म्हणजे लायनर, कृत्रिम योनीतलं रबरी अस्तर. धुऊन टांगलेला लायनर वरून कोरडा दिसतो, पण घडीत थेंबभर पाणी उरलं तरी रात्रीतून स्युडोमोनास नावाचा जंतू वाढतो. घडी उलगडून, उजेडात धरून बघा. ७० टक्के अल्कोहोलने खळबळला असेल तर तो वास पूर्ण जाईपर्यंत वापरू नका. उरलेलं अल्कोहोल शुक्राणू मारतं. वंगणाची जेली बेतानेच, जास्त लावली की रेतात उतरते.

वॉटर बाथमध्ये रोज ताजं डिस्टिल्ड पाणी, आणि तिथून काढलेली रेताची नळी बूड पुसूनच लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात). डायल्यूटरसाठी (रेत पातळ करायच्या द्रावणासाठी) लागणारी अंडीही फोडण्याआधी अल्कोहोलने पुसायची.

डायल्यूटरमध्ये अँटिबायोटिक असतंच की, हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. जेंटामायसिन, टायलोसिन, लिंकोमायसिन-स्पेक्टिनोमायसिन हे मिश्रण चांगलं आहे, पण रेझिस्टंट स्युडोमोनासपुढे तेही थकतं. शिवाय मेलेल्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचं (स्युडोमोनास त्यातलाच) एंडोटॉक्सिन, म्हणजे त्यांच्या भिंतीतलं विष, रेतात राहतंच.

तपासणीला स्ट्रॉ (रेतमात्रेची बारीक नळी) ३७ अंशांवर ३० सेकंद वितळवा, अल्कोहोलने पुसा, कोरडी करून निर्जंतुक कात्रीने कापा. १ भाग रेत, ९ भाग सलाइन, त्यातलं ०.१ मिलिलिटर अगार प्लेटवर (जंतू वाढवायच्या थाळीवर) पसरून ३७ अंशांवर ४८ तास ठेवा. ५० वसाहती आल्या तर ५० × १० × १० म्हणजे नेमके ५,०००, काठावरच!

आकडा एकाच वळूचा चढला असेल तर त्याची शीथ आणि रेत घेणाऱ्याचा हात तपासा. त्या दिवशीचे सगळेच वळू चढले असतील तर डायल्यूटरचा बफर (मूळ द्रावण), पाणी किंवा स्ट्रॉ भरणाऱ्या यंत्राच्या नळ्या तपासा. म्हणून रेत न घातलेल्या डायल्यूटरची एक प्लेट रोज लावायची. तिच्यावर वसाहती दिसल्या तर गोठ्यातल्या माणसांना बोल लावायला जाऊ नका.