खोटं सांगून गळ्यात मारलेला ट्रॅक्टर परत कसा करावा

पावती, आरसी, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, जाहिरातीचा फोटो एका जागी ठेवा.

नेमकं कोणतं वाक्य खोटं निघालं ते एका ओळीत लिहा. 'लई भारी मशीन' ही फुशारकी झाली, तिच्यावर दावा होत नाही. 'दोन हजार तास चाललाय, इंजिन खोललेलं नाही' हे निवेदन. विकणाऱ्याला ते खरंच वाटत होतं तर करार कायदा १८७२ चं कलम १८, माहीत असून बोलला तर कलम १७, म्हणजे कपट. त्यावर विसंबून तुम्ही होकार दिला असेल, तर दोन्हींत कलम १९ नुसार व्यवहार रद्द करता येतो. 'बघून घ्यायचं होतं की' असं ऐकवणारे पारावर दहा भेटतात. साध्या चौकशीत खरं कळलं असतं, तर कलम १८ चा हक्क जातो हे खरं. पण जाणूनबुजून तोंडावर खोटं बोललेल्याला ती पळवाट नाही.

आता माझे हात पोळले ती पायरी. मिरजेच्या मेकॅनिकने इंजिन आधी खोललेलं असल्याचं दाखवलं, तेव्हा तासगावात माझ्या द्राक्षबागेची फळछाटणी उरकलेली होती, फवारण्या थांबवून चालणार नव्हतं. बाग कशी सोडायची? ब्लोअर जोडून दीड महिना फवारण्या केल्या आणि मग नोटीस द्यायला गेलो. वकिलांनी एकच विचारलं, "कळल्यावर किती तास चालवलात?" खोटं कळूनही वापरत राहणं म्हणजे व्यवहार मान्य करणं. शेवटी थोडी रक्कम घेऊन गप्प बसलो, ट्रॅक्टर दारातच राहिला.

म्हणून कळलं त्याच दिवशी चावी काढा. तास-मीटरचा तारखेसह फोटो घ्या. फवारणीला भाड्याचा ट्रॅक्टर आणा, पावती जपा. कलम ७५ खाली भरपाई मागताना लागते. एकही पार्ट बदलू नका.

नोटीस त्याच आठवड्यात, पोचपावतीसह. 'दुरुस्त करून द्या, नाहीतर रद्द करू' असलं दोन डगरींवरचं लिहिणाऱ्या वकिलाकडून कागद परत घ्या. 'व्यवहार रद्द केला, ट्रॅक्टर न्या, पैसे द्या' एवढंच. मशीन ठेवायचीच असेल, तर सांगितलं ते खरं असतं तर जी स्थिती असती ती मागता येते. पण मग रद्दचा शब्द काढू नका.

उत्तर आलं नाही तर दिवाणी दावा, खरं कळल्यापासून ३ वर्षांच्या आत. विकणारा व्यापारी असेल आणि ट्रॅक्टर तुम्ही स्वतः राबून पोट भरायला घेतला असेल, तर सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग स्वस्तात पडतो. तिथे मुदत २ वर्षांचीच.