केळीच्या सालीची फायबर पावडर: या चुका टाळा

रावेर-यावल पट्ट्यात केळी वेफर्सचं काम चालतं तिथे मागच्या दारी सालींचा ढीग असतोच. पावडरीसाठी लोक नेमकी त्या ढिगातली साल उचलतात. पहिली चूक इथेच होते. कच्च्या सालीत ८५ ते ९० टक्के पाणी असतं आणि मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास. दुपारपर्यंत ढीग आतून तापतो, आंबतो. म्हणून साल सोलल्या-सोलल्या धुतलेल्या क्रेटमध्ये जायला हवी. तिला कचरा न मानता कच्चा माल मानायचं. फवारणीचं औषध सालीवरच बसतं, म्हणून केळी सोलण्याआधी धुवा. बागेत काय फवारलं आणि कधी, हेही शेतकऱ्याला विचारून घ्या.

पावडर काळी पडते? सालीचा चीक आणि हवा यांचा तो परिणाम. पातळ काप करून लगेच सायट्रिक ॲसिडच्या सौम्य पाण्यात बुडवा. तुरटपणा घालवायचा म्हणून साल खळखळ उकळू नका; पेक्टिन, म्हणजे विरघळणारं फायबर, त्या पाण्याबरोबर गटारात जातं. मग उरतो तो नुसता चोथा.

वाळवताना घाई नडते. ओली साल एकदम ८०-९० अंशांवर ठेवली तर कच्च्या केळीतला न पचणारा स्टार्च शिजतो आणि बराचसा पचणारा होतो. ट्रे ड्रायर ५५-६० वर ठेवा, काप पातळ पसरा. उघड्या अंगणातलं वाळवण फुकट पडतं खरं, पण धूळ, माशा आणि पावसाळ्यात बुरशी त्यात धरलेलीच आहे. ओलावा १० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय दळू नका, नाहीतर पिशवीत गोळे होतात. आणि १०० किलो सालीतून हाती लागते १०-१२ किलो पावडर. हिशोब आधी मांडा.

फार बारीक दळणं म्हणजे चांगलं दळणं, असा समज आहे. तंतू जास्त तुटले की पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी होते, आणि तीच तर हवी असते. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठात ही पावडर शेकडा चार-पाचच्या वर घातली की भाकरी थापताना चिरते. पाणी थोडं वाढवा, पीठ दहा मिनिटं मुरू द्या.

फायबरसाठी डाळ मिलच्या तुरीच्या टरफलाकडेही अनेकांचं लक्ष असतं. पण साल सुटावी म्हणून तुरीला तेल लावतात. ते तेल टरफलात राहून खवट होतं, त्यामुळे जुना साठा घेऊ नका.

सगळ्यात महागात पडते ती प्रयोगशाळेतली चूक. नमुना देताना नुसतं ‘फायबर’ म्हटलं तर पशुखाद्याच्या सवयीने ‘क्रूड फायबर’ तपासून मिळतं. त्या पद्धतीत आम्ल आणि अल्कलीत उकळताना पेक्टिन आणि हेमिसेल्युलोज या दुसऱ्या फायबरचा बराचसा भाग निघून जातो. आकडा पडलेला दिसतो आणि माल उगाच बदनाम होतो. अर्जावर ‘एकूण आहारतंतू’ (टोटल डाएटरी फायबर) असं स्पष्ट लिहा. पाकिटावरचा दावाही त्याच आकड्यावर ठरतो: घन पदार्थात १०० ग्रॅममागे किमान ३ ग्रॅम असेल तर ‘फायबरचा स्रोत’ आणि किमान ६ ग्रॅम असेल तर ‘फायबरने समृद्ध’, असा एफएसएसएआयचा २०१८ चा नियम आहे.