इंग्लंडच्या खेड्यात कौन्सिलची निवडणूक: मत कसं द्यावं, पोटनिवडणुकीवर लक्ष कसं ठेवावं, उभं कसं राहावं

भारतीय पासपोर्टवर इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माणसाला तिथे मत देता येतं. ही गोष्ट अनेक मराठी घरांत वर्षानुवर्षं राहूनही माहीत नसते. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इंग्लंडमध्ये वैध परवानगीने राहत असेल आणि त्याला १८ वर्षं पूर्ण असतील, तर तो कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, आणि संसदेच्याही निवडणुकीत मतदार होऊ शकतो. ती परवानगी नोकरीच्या व्हिसाची असो, शिक्षणाच्या व्हिसाची असो की कायमची. ब्रिटिश नागरिकत्व मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही.

लंडन किंवा लेस्टरमध्ये हे सांगणारं कुणीतरी भेटतं. एखाद्या छोट्या गावाजवळच्या रुग्णालयात नोकरी लागून आलेल्या कुटुंबाला भेटेलच असं नाही, आणि खरं तर मताला सगळ्यात जास्त वजन तिथेच असतं. म्हणून इथे उदाहरणाला पूर्व इंग्लंडच्या सफक काउंटीतला मिड सफक जिल्हा घेतला आहे. स्टोमार्केट, नीडम मार्केट, आय अशी लहान बाजारगावं आणि भोवती शेती. मतदानाचे नियम इंग्लंडभर हेच आहेत.

आधी कोण काय बघतं ते समजून घ्या

आपली ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद डोळ्यांसमोर आणा. तशीच इथे पॅरिश, डिस्ट्रिक्ट आणि काउंटी अशी उतरंड आहे. कामांची वाटणी मात्र वेगळी. कचरा उचलणं, बांधकामाला परवानगी, कौन्सिलची घरं आणि कौन्सिल टॅक्सची वसुली डिस्ट्रिक्टकडे. रस्ते, शाळा, वाचनालयं आणि वृद्धांची व अपंगांची देखभाल काउंटीकडे. गावातलं खेळाचं मैदान, बसायची बाकं, भाड्याने मिळणारे भाजीचे वाफे ही कामं पॅरिशची. रस्त्यातल्या खड्ड्याची तक्रार डिस्ट्रिक्टच्या उमेदवाराकडे केली तर तो ऐकून घेईल, पण खड्डा बुजवणं त्याच्या हातात नाही.

सगळीकडे तीन थर नाहीत. कॉर्नवॉल आणि विल्टशरमध्ये २००९ पासून डिस्ट्रिक्ट आणि काउंटीच्या जागी एकच कौन्सिल आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने उरलेल्या भागातही हीच रचना आणण्याचा आराखडा मांडला, आणि त्या घडामोडीत सफकची मे २०२५ मधली काउंटी निवडणूक वर्षभर पुढे ढकलली गेली. तेव्हा जुन्या वेळापत्रकावर विसंबू नका, आपल्या कौन्सिलच्या संकेतस्थळावर तारीख बघा.

मिड सफकमध्ये ३४ सदस्य एकदमच, दर चार वर्षांनी निवडले जातात. काही जिल्ह्यांत एक तृतीयांश जागांसाठी जवळजवळ दरवर्षी मतदान होतं. २०२१ च्या जनगणनेत मिड सफकची लोकसंख्या सुमारे १ लाख ३ हजार होती, म्हणजे एका सदस्यामागे साधारण तीन हजार माणसं, लहान मुलं धरून. मे २०२३ मध्ये इथे ३४ पैकी २४ जागा ग्रीन पक्षाने जिंकल्या. एखाद्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये त्या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळण्याची ती पहिलीच वेळ. पक्षाची माणसं दारोदार फिरली आणि लोक मतदानाला बाहेर पडले.

मतदार यादीत नाव घाला

सरकारच्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळावर मतदार नोंदणीचा अर्ज आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि नॅशनल इन्शुरन्स क्रमांक भरला की पाच मिनिटांत काम होतं. क्रमांक अजून मिळाला नसेल तरी अर्ज करता येतो, ओळखीचा दुसरा पुरावा मागतात. घरातल्या प्रत्येकाने आपापला अर्ज करायचा. नवऱ्याने केला म्हणून बायकोचं नाव आपोआप येत नाही. घर बदललं तर पुन्हा अर्ज. मुदत मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधीच्या मध्यरात्री संपते.

बरेच जण ही नोंदणी क्रेडिट स्कोअर सुधारावा म्हणून करतात आणि त्याबरोबर मताचा हक्कही मिळाला हे विसरून जातात. तुम्ही त्यांपैकी असाल तर तुमचं निम्मं काम आधीच झालं आहे.

शिकायला दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलामुलींचं नाव घरच्या आणि कॉलेजच्या, दोन्ही पत्त्यांवर असू शकतं. दोन पत्ते वेगवेगळ्या कौन्सिलांमध्ये असतील तर दोन्हीकडे कौन्सिलसाठी मत देता येतं. संसदेच्या निवडणुकीत मात्र एकच मत.

ओळखपत्र आजच तपासा

मे २०२३ पासून इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांत मतदान केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, कारण राष्ट्रकुलातल्या कुठल्याही देशाचा पासपोर्ट यादीत आहे. मुदत संपलेला असला तरी फोटोत तुम्ही ओळखू येत असाल तर हरकत नाही. ब्रिटिश वाहन परवानाही चालतो. भारतीय वाहन परवाना आणि आधार कार्ड चालत नाही, आणि फोनवरचा ई-व्हिसा दाखवूनही भागत नाही.

मराठी घरांत अडचण येते ती नावाची. पासपोर्टवर लग्नाआधीचं आडनाव आणि मतदार यादीत सासरचं, असं असेल तर विवाह प्रमाणपत्र सोबत न्या. त्याहून बरं, नोंदणी करतानाच पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिहा. चालणारं एकही ओळखपत्र नसेल तर कौन्सिल मोफत मतदार प्रमाणपत्र देते. त्याचा अर्ज मतदानाच्या सहा कामकाजी दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत पोचायला हवा.

मतदानाचा दिवस

मतदान सहसा गुरुवारी होतं. सकाळी सात ते रात्री दहा. सुट्टी नसते, म्हणून कामाआधी किंवा कामानंतर जायचं ठरवून ठेवा. घरी आलेल्या पोल कार्डावर केंद्राचा पत्ता असतो: गावचा सभागृह, शाळा, चर्च, कधी पबसुद्धा. कार्ड हरवलं तरी मत देता येतं, ओळखपत्र मात्र हवं.

दाराबाहेर पक्षाची फीत लावलेली माणसं तुमचा मतदार क्रमांक विचारतील. ते कर्मचारी नसतात, पक्षाचे कार्यकर्ते असतात. सांगायचं नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. आत यंत्र नाही, बोटाला शाई नाही. कागदी मतपत्रिका आणि पेन्सिल मिळते, आपलं पेन वापरलं तरी चालतं. पसंतीच्या नावासमोर फुली मारायची. वॉर्डात दोन जागा असतील तर दोन फुल्या मारता येतात. एकच मारली तरी चालते, तीन मारल्या तर मत बाद. ‘नोटा’ची सोय नाही.

मतदानाच्या वेळी भारतात असाल तर टपाली मतावर अवलंबून राहू नका. मतपत्रिका इथून तिथे जाऊन वेळेत परत येईल याचा भरवसा नसतो. त्यापेक्षा विश्वासातल्या मतदाराला प्रॉक्सी, म्हणजे तुमच्या वतीने मत देणारा, नेमा. त्याचा अर्जही सहा कामकाजी दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत. इंग्लंडमध्येच पण दुसऱ्या गावी असाल तर टपाली मत उत्तम, त्याची मुदत ११ कामकाजी दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत.

पोटनिवडणूक: इथे लक्ष ठेवा

सदस्याचं निधन झालं, त्याने लेखी राजीनामा दिला, तो अपात्र ठरला, किंवा कौन्सिलच्या मंजुरीशिवाय सलग सहा महिने एकाही बैठकीला आला नाही, तर जागा रिकामी होते. त्यानंतर डिस्ट्रिक्टच्या दोन मतदारांनी निवडणूक घ्या असं लेखी कळवलं की घड्याळ सुरू होतं आणि ३५ कामकाजी दिवसांच्या आत मतदान घ्यावं लागतं. त्या सदस्याची मुदत संपायला सहा महिन्यांहून कमी वेळ उरला असेल तर एरवी जागा तशीच ठेवतात.

पॅरिशची पद्धत वेगळी. जागा रिकामी झाल्याची नोटीस लागते. १४ कामकाजी दिवसांत दहा मतदारांनी मागणी केली तरच निवडणूक. नाहीतर पॅरिश कौन्सिल स्वतःच स्वीकृत सदस्य घेते.

या नोटिशी वर्तमानपत्रात ठळकपणे झळकत नाहीत. त्या कौन्सिलच्या संकेतस्थळावर आणि पॅरिशच्या फलकावर लागतात. तो फलक बहुधा बसथांब्यापाशी किंवा सभागृहाच्या भिंतीवर असतो. महिन्यातून एकदा तो वाचायची सवय लावा, एवढ्यावरच निम्मी पोटनिवडणूक कळते. मतदान जाहीर झाल्यावर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की उमेदवार आणि केंद्र दिसतं.

पोटनिवडणुकीला मोजकेच लोक येतात, त्यामुळे चारदोन घरांनीही निकाल फिरू शकतो. मे २०१७ मध्ये नॉर्दम्बरलँड काउंटीत साउथ ब्लाइथ वॉर्डात दोन उमेदवारांना सारखी मतं पडली. फेरमोजणी होऊनही आकडा तोच राहिला. शेवटी काड्या ओढून निकाल लागला आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष ६७ पैकी ३३ जागांवर, बहुमताला एका जागेने कमी, अडकला. आणि ती तर पोटनिवडणूकसुद्धा नव्हती, नेहमीची निवडणूक होती. तिथे कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवाराला एक मत जास्त पडलं असतं तर त्या पक्षाला काउंटीत स्पष्ट बहुमत मिळालं असतं.

उभं राहायचं असेल तर

मतदारापेक्षा उमेदवाराची अट कडक आहे. भारतीय नागरिकाला उमेदवारीसाठी इंग्लंडमध्ये कायम राहण्याची परवानगी हवी, नोकरीचा व्हिसा पुरत नाही. त्याशिवाय पुढच्यांपैकी एक गोष्ट हवी: त्या कौन्सिलच्या मतदार यादीत नाव, किंवा गेले १२ महिने त्या हद्दीत राहणं, काम करणं, अथवा मालक वा भाडेकरू म्हणून जागा असणं. त्याच कौन्सिलमध्ये पगारी नोकरी असेल तर तिथे उभं राहता येत नाही. रुग्णालयात नोकरी असलेल्यांना ही अडचण नाही, रुग्णालय कौन्सिलचं नसतं.

अनामत रक्कम भरावी लागत नाही. वॉर्डातले दोन मतदार, एक सूचक आणि एक अनुमोदक, एवढ्यांच्या सह्या पुरतात. उमेदवारी अर्ज, घराच्या पत्त्याचा फॉर्म आणि साक्षीदाराच्या सहीसह संमतीपत्र हातोहात कार्यालयात द्यायचं. मुदत मतदानाच्या १९ कामकाजी दिवस आधी दुपारी चार. कर्मचारी आधी अर्ज तपासून देतात, म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, चूक निघाली तर सुधारायला वेळ राहतो. घराचा पत्ता मतपत्रिकेवर छापू नका असंही सांगता येतं. पक्षाचं नाव लावायचं तर पक्षाचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर ‘अपक्ष’ म्हणून लढा. ग्रामीण इंग्लंडमध्ये अपक्षांना मान आहे.

पत्रकावर प्रकाशक आणि मुद्रकाचं नाव व पत्ता छापणं कायद्याने बंधनकारक आहे. खर्चाची मर्यादा वॉर्डातल्या मतदारसंख्येनुसार ठरते, आणि निकालानंतर ३५ दिवसांत हिशेब द्यावाच लागतो. एक पैसाही खर्च केला नसेल तरीसुद्धा.

प्रचार म्हणजे दारं ठोठावणं. ध्वनिक्षेपकाने गाव दणाणून सोडायची पद्धत नाही. संध्याकाळी जेवणाच्या वेळेआधी जा, दोन मिनिटांत ओळख सांगा, मग त्या माणसाला बोलू द्या. वॉर्डातल्या कचऱ्याच्या वेळा, नव्या घरांचे प्रस्ताव, बंद पडलेली बस यांची माहिती आधीच काढून ठेवा. परक्या उच्चारापेक्षा अपुरी माहिती लोकांच्या लवकर लक्षात येते.

एकदम डिस्ट्रिक्टला उभं राहणं जड वाटत असेल तर पॅरिशपासून सुरुवात करा. तिथे अनेकदा उमेदवार जागांइतकेच असतात आणि सगळे बिनविरोध निवडून येतात. स्वीकृत सदस्यासाठी तर पॅरिशच्या क्लार्कला पत्र लिहायचं: मी इथे कधीपासून राहतो, काय काम करतो, गावासाठी काय करायची इच्छा आहे. पात्रतेच्या अटी त्याच, फक्त पॅरिशच्या हद्दीपासून तीन मैलांच्या आत १२ महिने राहणाराही चालतो. पत्र लिहिण्याआधी एका बैठकीला जाऊन बसा. बैठका सगळ्यांना खुल्या असतात, आणि बहुतेक ठिकाणी गावकऱ्यांना बोलायला सुरुवातीला काही मिनिटं दिलेली असतात.